न तापवलेलं कोठार, आतल्या भिंती आणि फुकटचे जिप्सम बोर्ड

ओसरी:
नमस्कार मंडळी. घरामागे जुनं कोठार आहे, साधारण ९ मीटर बाय १२ मीटर. लाकडी खांब, बाहेरून तीन बाजूंना पत्रा, वर पत्र्याचंच छप्पर. चौथी बाजू दगडी, पूर्वी तिथे गुरं बांधत असावेत. अर्ध्या भागात काँक्रीटची जमीन आहे, उरलेल्या अर्ध्यात नुसती माती. हिवाळ्यात बाहेर पारा शून्याच्या बराच खाली जातो आणि आत हीटर वगैरे काही नाही, बसवायचाही नाही.

उपयोग फक्त साठवणीचा. बागेची हत्यारं, सायकली, तंबू, खोकी आणि सासूबाईंचं एक जुनं कपाट, ज्याबद्दल घरात बोलायचं नाही असं ठरलंय.

आतून सगळं उघडं, खांब आणि पत्र्याची पाठ दिसते. जाळी-जळमटं आहेतच. घराचं काम झालं तेव्हा १२ मिमीचे चाळीसेक जिप्सम बोर्ड उरले होते, ते तसेच पडून आहेत. माझा बेत: खांबांमध्ये ग्लासवूल (काचेची लोकर) भरायचं, वर प्लास्टिक, त्यावर जिप्सम आणि पांढरा रंग. नवरा म्हणतो "नको". का नको ते त्याला सांगता येत नाही. जाणकारांनी सांगावं.

रंधा:
नवरा बरोबर आहे. कारण माहीत नसताना बरोबर असणं ही वेगळीच कला आहे.

कोठारात भिंतीला चार गोष्टी सोसाव्या लागतात: फावड्याचा दांडा, सायकलचं हँडल, ओल आणि उंदीर. जिप्सम या चारांपैकी एकाही गोष्टीला बनलेला नाही. प्लाय लावा, १२ मिमी. कुठेही स्क्रू मारा, खुंटी लावा, फावडं टांगा. जिप्समवर काही टांगायचं तर आधी मागचा खांब शोधत ठोकत बसा.

पाचर:
प्लाय की जिप्सम हा तिसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, आत पाणी कुठून येतं? दुसरा, आलेलं पाणी बाहेर कसं जातं? ओसरीताई, थंडीत सकाळी लवकर आत गेलात तर छपरातून ठिबकतं का? आणि मातीच्या बाजूला वास कसा येतो?

उंबरठा२:
जिप्समला उगीच झोडपताय. माझ्या गॅरेजमध्ये हीटर नाही, १२ वर्षांपासून जिप्सम आहे, एक तडा नाही. गोठण्याने जिप्समला काही होत नाही. शिवाय आगीचं बघा. जिप्सममध्ये वजनाच्या साधारण २१ टक्के पाणी रासायनिक रूपात बांधलेलं असतं, आग लागली की ते वाफ होऊन निघतं आणि तेवढा वेळ मागचं लाकूड वाचतं. प्लाय काय करणार? इंधन होणार.

ओसरी:
@पाचर, ठिबकतं. आभाळ निरभ्र असेल त्या रात्रीनंतर तर पागोळ्याच. मला वाटायचं छप्पर गळतंय, पण पाऊस नसतानाही तेच. मातीच्या बाजूला तळघरासारखा कोंदट वास.

रंधा:
@उंबरठा२, तुमचं गॅरेज घराला चिकटून आहे का?

उंबरठा२:
हो, एक भिंत सामाईक आहे.

रंधा:
मग ते न तापवलेलं कुठे? घर तापतं ती ऊब एका भिंतीतून त्यालाही मिळते. घर आणि गॅरेज यांच्यामध्ये जिप्सम हवाच, तुमचा आगीचा मुद्दा तिथे सोळा आणे खरा. ओसरींचं कोठार मात्र एकटं उभं आहे. तिथे आगीसाठी करायचं काम म्हणजे पेट्रोलचा डबा आणि रंगाने माखलेल्या चिंध्या आत न ठेवणं. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा तर आपोआप पेटतो.

पाचर:
आता जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

छप्पर गळत नाहीये. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता वर आकाशाकडे फेकतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही काही अंश थंड होतो. गवतावर दव पडतं त्याचंच हे भावंड. आतली दमट हवा त्या पत्र्याला टेकली की पाणी सुटतं. हिशेब असा: १० अंशांची हवा एका घनमीटरमध्ये साधारण ९.४ ग्रॅम वाफ धरू शकते, ० अंशांची जेमतेम ४.८ ग्रॅम. उरलेलं जातं कुठे? पत्र्यावर, तिथून तुमच्या डोक्यावर.

आता तुमच्या बेताकडे बघा. ग्लासवूल, प्लास्टिक, जिप्सम ही घराची भिंत आहे. घरात हिवाळाभर आतली बाजू उबदार असते, म्हणून प्लास्टिक कुठल्या बाजूला लावायचं हे ठरवता येतं. कोठाराला उबदार बाजूच नाही. आज आत थंड बाहेर ऊब, उद्या उलट. प्लास्टिक कुठेही लावलंत तरी वर्षातले काही महिने ते चुकीच्या बाजूला असणार. त्याच्यामागे अडकलेलं पाणी लोकरीत मुरेल आणि ओली लोकर खांबाला कवटाळून बसेल.

लाकडाचं गणित सोपं आहे. ओलावा २० टक्क्यांच्या खाली ठेवला तर कुजवणारी बुरशी धरत नाही. वर गेला आणि तसाच राहिला, की खांब आतून पोखरला जातो आणि तुम्हाला बाहेरून पांढरीशुभ्र भिंत दिसत राहते.

झुळूकवारा:
मग इन्सुलेशनच नको? निदान आत थोडं तरी उबदार राहील ना?

पाचर:
दगडाला गोधडी गुंडाळली म्हणून दगड तापत नाही. आत उष्णता तयार करणारं काही नसेल तर इन्सुलेशन फक्त चढउतार लांबवतं. उलट एक तोटा होतो. हिवाळा सरला, बाहेर मऊ दमट हवा सुटली, तरी कोठार आतून आठवडाभर गारच. दार उघडलं की ती दमट हवा आत शिरते आणि गार जमिनीला, गार हत्यारांना घाम फुटतो. गंज तिथेच सुरू होतो.

छपराखाली मात्र गोष्ट वेगळी. तिथे पत्र्याच्या आतल्या अंगाला कारखान्यातूनच फेल्टसारखा थर लावून येतो. तो रात्री पाणी धरून ठेवतो आणि दिवसा सोडतो. पुढेमागे छप्पर बदलाल तेव्हा तसाच पत्रा मागा.

कडीकोयंडा:
आम्ही पत्र्याला आतून फोम फवारून घेतला. ठिबकणं त्याच दिवशी थांबलं.

पाचर:
थांबतं, नाही म्हणत नाही. दमट हवा थंड पत्र्यापर्यंत पोचतच नाही. पण उद्या पत्र्याला भोक पडलं तर पाणी फोमच्या मागून कुठे निघेल ते कळत नाही, आणि एक पत्रा बदलायचा तर तासून काढा. शिवाय तो फोम उघडा ठेवलाय का? आग लागली तर फार वेगाने पसरते आणि धूर विषारी. बऱ्याच देशांच्या बांधकाम नियमांत तो झाकावाच लागतो.

कडीकोयंडा:
उघडाच आहे. आता झोप उडवलीत.

झुळूकवारा:
गॅसची शेगडी अधूनमधून लावून हवा कोरडी केली तर?

रंधा:
अजिबात नको! १ किलो प्रोपेन जळला की साधारण १.६ किलो पाणी वाफ होऊन हवेत येतं. धुराडं नसलेली शेगडी म्हणजे बंद जागेत बादली उकळत ठेवण्यासारखंच, वर कार्बन मोनॉक्साइडचा धोका.

ओसरी:
बाप रे. मी भिंतीचा रंग विचारायला आले होते.

बरं, म्हणजे लोकर नाही, प्लास्टिक नाही, जिप्सम नाही. मग नुसता प्लाय? आणि तो खांबांवर थेट लावायचा का? दोन खांबांत २.४ मीटर अंतर आहे, पत्रा ज्या आडव्या पट्ट्यांवर ठोकलाय त्या खांबांच्या बाहेरच्या अंगाला आहेत.

रंधा:
मग थेट नाही लावता येणार. २.४ मीटरच्या अंतरात १२ मिमी प्लाय ढोलासारखा वाजेल आणि पाठ टेकली की वाकेल. खांबांच्या आतल्या अंगाला आडव्या लाकडी पट्ट्या मारा: एक जमिनीजवळ, एक ६० सेमीवर, एक १२० सेमीवर. तक्ता १२२० बाय २४४० मिमीचा असतो, तो आडवा बसवा. दोन टोकं दोन खांबांवर येतील, मधे तीन पट्ट्यांचा आधार.

काही गोष्टी चुकवू नका. दोन तक्त्यांमध्ये ३ मिमी फट सोडा, दमट दिवसांत लाकूड फुगतं आणि जागा नसेल तर फुगवटा धरतं. मोजायला काही नको, एक जाड खिळा मधे धरायचा. तक्त्याची खालची कड जमिनीपासून २ सेमी तरी वर, कारण जमिनीवरचं पाणी प्लाय वातीसारखं शोषतो. खालची पट्टी जमिनीला टेकणार असेल तर ती प्रक्रिया केलेल्या लाकडाची घ्या. कापलेल्या कडांना रंगाचा एक हात आधीच द्या. आणि स्क्रूच. खिळे नकोत, गोंद तर नकोच नको. ही भिंत तुम्हाला एक ना एक दिवस उघडावी लागणार आहे.

उंबरठा२:
प्लायऐवजी ओएसबी (लाकडाच्या चपट्या कपच्या गोंदाने दाबून केलेला तक्ता) चालेल ना? तोही तितकाच भक्कम.

रंधा:
चालेल. कडा भिजल्या तर फुगतात आणि वाळल्यावर परत बसत नाहीत, एवढं लक्षात ठेवून कडा रंगवा. पृष्ठभाग खरखरीत असल्याने रंग जास्त पितो.

पाचर:
आणि भिंत छपरापर्यंत नेऊच नका. रंधाने सांगितलेला १२२ सेमीचा एकच आडवा तक्ता, बस. हत्यारं आदळतात ती कमरेपर्यंतच. वरचं उघडं राहिलं तर तक्त्यामागची हवा वर निघून जाते, पत्रा कुठे घामेजतोय ते दिसतं, आणि उघड्या खांबांमध्ये फळ्या टाकून मांडणी करता येते. अर्धं काम, दुप्पट सोय.

ओसरी:
माझा पांढरा स्वच्छ हॉल डोळ्यांसमोरून सरकत सरकत गेला. पण पटतंय.

निंबोणी:
कुणी दगडी भिंतीबद्दल बोलतच नाहीये! ओसरी, तिला प्लाय लावू नकोस आणि प्लास्टिक रंग तर मुळीच नाही. खालच्या भागात पांढरी पिठूळ पापडी धरलीये का?

ओसरी:
हो ग! कमरेपर्यंत. मी तीनदा धुतली, परत येते.

निंबोणी:
धुऊ नकोस, तो लोणा आहे. वर्षानुवर्षं गुरांचं मूत आणि शेण जमिनीत मुरलं, त्यातले नायट्रेट क्षार दगडात आणि सांध्यांत चढले. धुतलंस की क्षार विरघळून परत आत जातात आणि वाळताना पुन्हा बाहेर येतात. कोरड्या कुंचल्याने घासायचं, खाली पडलेलं पीठ गोळा करून बाहेर टाकायचं. परत आलं की परत घासायचं. हे क्षार हवेतलं पाणीही ओढतात, म्हणून तो भाग पाऊस नसतानाही ओलसर दिसतो.

वरून सिमेंटचा गिलावा केलास तर दोनतीन वर्षांत फुगून पोपडे पडतील, कारण ओल कोंडली जाते. भिंत पांढरीच हवी असेल तर चुना. विरलेला चुना चांगला मुरलेला घ्यायचा, दुधाइतका पातळ करायचा, भिंतीवर आधी पाणी शिंपडायचं आणि कुंचल्याने पातळ हात मारायचा. पहिला हात मारल्यावर वाटेल की काहीच लागलं नाही, भिंत तशीच दिसते. घाबरून जाड हात मारू नकोस, तोच नंतर पापुद्र्यासारखा सुटतो. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि हळूहळू पांढरा होत जातो. तीनचार हात लागतील, दोन हातांमध्ये एक दिवस.

थंडीत करू नकोस, ओला चुना गोठला तर भुसा होतो. आणि डोळ्यांना चष्मा. ताज्या चुन्याचा सामू (पीएच) १२ च्या वर असतो, म्हणून बुरशी त्यावर धरत नाही, पण डोळ्यात गेला तर डोळाही जाऊ शकतो. माझ्या वडलांच्या भुवईवर एकदा थेंब उडाला होता, तेवढ्यावर भागलं.

झुळूकवारा:
हा प्रतिसाद माझ्या आवडत्यांच्या यादीत. जुन्या गोठ्यांना चुना का लावत ते आज कळलं.

मांजरपाट:
उंदरांचं काय केलंत? प्लायमागे १२-१४ सेमी पोकळी ठेवताय म्हणजे त्यांना बंगला बांधून देताय. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर आत येतो. पत्र्याच्या पन्हळी खाली जिथे संपतात ती प्रत्येक खाच म्हणजे एक दार. ६ मिमी चौकटीची तारेची जाळी कापून तिथे बसवा, तीही भिंत लावायच्या आधी. नुसता फोम भरला तर कुरतडतात.

आणि विजेची वायर त्या पोकळीतून नेऊ नका. आमच्याकडे एक बटण चालेना म्हणून तक्ता काढला तर वायरवरचं प्लास्टिक दोन हात लांब सोललेलं, तांबं चमकतंय आणि खाली वाळकं गवत. त्यानंतर सगळी वायर पाइपातून, भिंतीच्या वरून, डोळ्यांसमोर.

रंधा:
+१. पाइप उघड्यावर दिसतो म्हणून नाक मुरडू नका, कोठार आहे ते.

अडगळ:
सगळं वाचलं. एक आगाऊ प्रश्न: भिंत हवीच कशाला? पत्र्याची पाठ दिसते म्हणून हत्यारांना वाईट वाटतं का? भिंतीपासून १० सेमी सोडून लोखंडी मांडण्या उभ्या करा, खोक्यांऐवजी झाकणाचे डबे, खाली लाकडी फळकुट. संपलं. तो सगळा वेळ मातीच्या जमिनीवर घाला, खरी ओल तिथून येतेय.

पाचर:
अडगळ यांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. मीच आधी लिहायला हवं होतं. ६ मीटर बाय ९ मीटर उघडी माती रोज गुपचूप वाफ सोडतेय, आणि आपण इथे तक्त्याच्या फटी मोजतोय.

माती सपाट करा, जाड प्लास्टिक अंथरा, सांध्यांवर ३० सेमी एकमेकांवर चढवा, कडा भिंतीलगत थोड्या वर घ्या, वर खडी. दगडी भिंतीच्या बाजूला मात्र एक वीत आधीच थांबा, नाहीतर तिथून निघणारी ओल भिंतीतच चढेल. (होय, वर प्लास्टिकला शिव्या दिल्या त्या मीच. जमिनीत ओल एकाच बाजूने येते, खालून, म्हणून तिथे प्लास्टिक कुठल्या बाजूला हा प्रश्नच उरत नाही.)

काँक्रीटच्या भागाचीही परीक्षा घ्या. अर्धा मीटर चौरस प्लास्टिक जमिनीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा आणि एक दिवस-एक रात्र ठेवा. सकाळी खाली काँक्रीट काळपट किंवा प्लास्टिकच्या पोटाला थेंब दिसले तर ओल खालून येतेय. कोरडं असेल तर वरचा घाम हवेतला.

आणि वळचणीला, आढ्याला हवा जायला जागा आहे का बघा. असेल आणि कुणीतरी चिंध्या कोंबून बुजवली असेल तर मोकळी करा, मांजरपाट म्हणतात ती जाळी लावून.

ओसरी:
चिंध्या कोंबल्यात. मीच. थंडी येऊ नये म्हणून. 🙈

---

ओसरी:
धागा वर काढतेय. थंडी संपली, म्हणून अहवाल.

मातीवर प्लास्टिक आणि खडी सगळ्यात आधी केली. आढ्याच्या फटी उघडून जाळी लावली. मग तीन पत्र्यांच्या भिंतींना एक आडवा तक्ता प्लाय, वरचं उघडं. दगडी भिंत घासून ठेवली होती, ऊन पडायला लागल्यावर चुन्याचे तीन हात दिले. पहिल्या हाताला निंबोणी म्हणाली तसंच झालं, नवऱ्याने विचारलं "सुरुवात कधी करणार?"

पागोळ्या पूर्ण थांबल्या नाहीत. निरभ्र रात्रीनंतर छपराला अजून घाम येतो, पण आता पत्रा ओला दिसतो, टपकत नाही. लाकडाची ओल मोजायचं यंत्र आणलं. प्लायवर १३-१४ टक्के, मागच्या खांबांत १६, आणि दगडी भिंतीला टेकलेल्या कोपऱ्यातल्या खांबात २२. तो आकडा आवडला नाही.

रंधा:
त्या कोपऱ्यातला तक्ता काढून ठेवा. खांब आणि दगड यांच्यामध्ये माती-पाला साठलाय का ते बघा, बाहेरून छपराचं पाणी तिथे पडतंय का तेही. महिन्याने परत मोजा.

उंबरठा२:
आणि चाळीस जिप्सम बोर्डांचं काय झालं? मला त्यांचीच काळजी.

ओसरी:
ते मातीच्या बाजूला आडवे रचून ठेवले होते ना, पूर्वीपासून. प्लास्टिक अंथरायला हलवले तेव्हा खालच्या सहांच्या कागदाला काळी बुरशी, हातात धरले तर मधून वाकले. न बसवताच त्यांनी स्वतःचं उत्तर दिलं. वरचे चांगले होते ते ओळखीच्या एकांनी घराच्या आतल्या भिंतीसाठी नेले.

उंबरठा२:
हरलो. 🙏

मांजरपाट:
तक्त्यामागे काही पडलं-बिडलं का? वर उघडं ठेवलंय म्हणून विचारतोय.

ओसरी:
पहिल्याच आठवड्यात माझा आवडता स्क्रूड्रायव्हर. रंधांचं ऐकून स्क्रूच वापरले होते म्हणून दहा मिनिटांत तक्ता उतरवला. स्क्रूड्रायव्हर मिळाला. त्याच्या शेजारी माझ्या लेकीचा हरवलेला लोकरीचा हातमोजा, अर्धा कुरतडलेला, आणि त्यात गुबगुबीत घरटं. रिकामं होतं, पण ताजं.

पन्हळीची एक खाच राहिली होती, दाराच्या चौकटीमागची. उद्या जाळी कापायला बसणार आहे.